तुमच्या घरातलं डबोलं

घरखर्चातून वाचवून, कोणाला न सांगता मागे टाकलेला पैसा. आजीचा, आईचा, तुमचा स्वतःचा. हल्ली कोथिंबिरीची जुडीसुद्धा स्कॅन करून घेतली जाते आणि सगळा हिशेब घरातल्या कोणाच्या तरी फोनवर दिसतो, त्यामुळे ही चीज आता टिकणार कशी, असा प्रश्न पडलाय. कुठे ठेवत होता, कशासाठी आणि पुढे त्याचं काय झालं, ते टोपणनावाने लिहा. आकडे सांगायची सक्ती नाही. पुरुषांनीही लिहावं, पाकिटातला चोरकप्पा आम्हाला ठाऊक आहे. फक्त गुंतवणुकीचे सल्ले नकोत.

कृष्णाकाठ

८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठचं नोटबंदीचं भाषण लागलं तेव्हा आई ताटं घेत होती. त्यानंतर दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. बाबा बँकेच्या रांगेत गेले (काउंटरवर तेव्हा चार हजारच बदलून मिळत), तशी मला आत बोलावलं आणि साबुदाण्याचा डबा, लग्नातल्या शालूची घडी, देवघराच्या फळीखालचा कागद, अशा तीन ठिकाणांहून नोटा काढल्या. सगळ्या पाचशेच्या नि हजाराच्या. सुट्ट्या नोटांना जागा फार लागते म्हणून ती वाण्याकडून मोठ्या करून आणायची, आणि नेमकं तेच अंगाशी आलं. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी नाही असं सरकारने सांगितलं होतं, पण आईचं एकटीचं खातंच नव्हतं. बाबांबरोबरचं जोडखातं. म्हणजे सांगणं आलंच.

बाबा चिडतील असं वाटलं होतं. ते दुखावले. "मी ओव्हरटाइम करून मरतोय आणि तू माझ्यापासून लपवतेस?" आई शांतपणे म्हणाली, "अहो, २००५च्या पुरात तुमचा पगार अडकला होता, तेव्हा घर कशावर चाललं ते कधी विचारलंत?" पुढच्याच महिन्यात तिच्या नावाचं खातं उघडलं. त्यात ती फारसं काही टाकत नाही, हे वेगळं.

बिनहिशेबी

चोरकप्प्याबद्दल. बायकोला माहीत आहे. तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. महिनाअखेरीस कधी कधी त्यात एक नोट जास्त सापडते. विषय काढत नाही.

चाळकरी

आजी लालबागला खानावळ चालवायची. जेवायला येणारे सगळे गिरणीतले, बिऱ्हाड गावी ठेवून आलेले. आजोबाही गिरणीतच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि घरात येणारे दोन्ही पैसे एकदम थांबले, कारण पगार नाही तर खानावळीचं बिल कोण देणार? हे लोकांच्या लक्षात येत नाही. बाईची कमाई स्वतंत्र असली तरी ती त्याच गिरणीच्या भोंग्यावर चालायची.

त्याआधी अशा बायका किराणा उधारीवर आणायच्या आणि व्याजात बुडायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे आजीच्या हाताशी काही राहू लागलं. ते ती तांदळाच्या पिंपात तळाशी ठेवायची. संपात ते गेलं कुठे? तिचीच बिलं थकवणाऱ्या पोरांच्या एसटीच्या तिकिटांत. गावी जायलाही पैसे नव्हते त्यांच्याकडे. आई अजून म्हणते, हा वेडेपणा होता. मला तसं वाटत नाही. बरेच जण परत आलेच नाहीत. काहींनी पुढे कित्येक वर्षं कोकणातून फणस पाठवले.

पोस्टवाली

मी पोस्टाच्या आवर्ती ठेवीची (आरडीची) एजंट आहे, सातारा जिल्ह्यात. महिला प्रधान योजनेतली, म्हणजे एजंट बाईच असते. दारोदार जाऊन हप्ते गोळा करायचे, पाच वर्षांची मुदत. महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू करता येतं, म्हणून शेतमजूर बायकाही असतात. "ताई, दुपारचं या, मालक रानात असतात तेव्हा," हे वाक्य मला पाठ झालंय. काहींचं पासबुक शेजारणीकडे असतं आणि शेजारणीचं त्यांच्याकडे.

आता अडचण वेगळीच आहे. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. खातं तिचं, आधार तिचं, पण मोबाइल नंबर मुलाचा. पैसे आले हे मुलाला आईच्या आधी कळतं आणि तो पेट्रोलला मागतो. त्यामुळे ज्यांना जमतं त्या पैसे आले की लगेच काढून माझ्याकडे हप्ता भरतात. मी आधी नंबर बदलून घ्यायला सांगते. त्यासाठी बाईकडे स्वतःचा फोन लागतो, तिथेच गाडी अडते.

एच-फोर

न्यू जर्सी. इंजिनीअर असून एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर, कामाची परवानगी नव्हती, नवऱ्याच्या ग्रीनकार्डचा टप्पा पुढे सरकेपर्यंत. जोडखात्यातून कॉफी घेतली तरी उगाच मनात खुलासा तयार व्हायचा, त्याने कधीही विचारलं नसताना. इथे लपवायलाही रोख हातात येत नाही. भारतातून निघताना आईने दिलेलं पाकीट मात्र अजून फोडलेलं नाही.

दुसरी घंटी

'टिकणार कशी' या सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर: किराणावाल्याला पाचशे जास्तीचे स्कॅन करते, तो रोख परत देतो. फोनवर एकच आकडा दिसतो, किराणा. आमच्या गल्लीत हे सगळ्याजणी करतात. त्याचाही फायदा, गिऱ्हाईक तुटत नाही.

कडू कारलं

फार गोड चाललंय सगळं. लपवावं लागतं कारण मागावं लागतं, एवढं तरी लिहा कोणी. आमच्याकडे ठरवून दर महिन्याला प्रत्येकाच्या खात्यात ठरावीक रक्कम जाते, कोणी हिशेब मागत नाही. तरी सासूबाई पिठाच्या डब्यात ठेवतातच. मी एकदा म्हटलं, "आई, तुम्हाला कोण विचारतंय?" तर म्हणाल्या, "विचारत नाही ग, पण देणारे तुम्हीच ना?" नवऱ्याने मग गावच्या घराचं भाडं थेट त्यांच्या खात्यात वळवलं. घर सासऱ्यांनी त्यांच्याच नावावर केलेलं होतं, भाडं इतकी वर्षं आम्ही घेत होतो. आता त्यातून आम्हाला दिवाळीला पैसे देतात, आणि खर्च कशावर केला ते विचारतात.