पिल्लाला पार्वो, भरतीचा खर्च झेपत नाही

प्रश्न : कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लाला पार्वो (आतड्यांचा विषाणूजन्य आजार) निघालाय. उलट्या, रक्ताचे जुलाब चालू आहेत. दवाखान्यात ठेवणं परवडत नाही. घरी उपचार शक्य आहेत का? जीव तुटतोय.

प्रतिसाद १ : भरतीच उत्तम. तरी डॉक्टरांना पैशांचं स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली! पहिलं सलाईन शिरेतून, मग रोज नेऊन कातडीखाली सलाईन, मॅरोपिटंट (उलटी थांबवणारं औषध) आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन, असं करता येतं का विचारा. उलट्या चालू असताना तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं. माणसांची जुलाबाची गोळी अजिबात नको. हिरडी दाबून सोडल्यावर रंग 2 सेकंदांत परतला नाही किंवा अंग गार पडलं, तर तडक दवाखाना.

प्रतिसाद २ : खर्चाचा अंदाज 24 तासांचा, लेखी घ्या. रोज रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघून पुढचं ठरवा. त्या वाढू लागल्या तर आशा आहे. पैशांअभावी घेतलेला निर्णय म्हणजे माया कमी, असं मनात आणू नका.

प्रतिसाद ३ : फरशीवरची घाण आधी धुवा, मग 1 भाग ब्लीच, 30 भाग पाणी, 10 मिनिटं ओलं ठेवा. घाणीवर ब्लीच निकामी ठरतं.