मदत हवी आहे : देणगीची पावती फाडली की फाईल सुटते, अशा ट्रस्टच्या खजिनदाराने काय करावं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या छोट्या नोंदणीकृत ट्रस्टचा मी खजिनदार आहे. आधीचे खजिनदार तब्येतीमुळे बाजूला झाले आणि हे काम यंदा माझ्याकडे आलं. ट्रस्टचं किंवा आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीचं (पुढे ज्यांना "साहेब" म्हटलंय) नाव इथे लिहीत नाही, प्रतिसादांत कुणी अंदाजही बांधू नयेत ही विनंती. धर्मादायचं काम करणारे वकील, सीए, किंवा लाचलुचपत खात्याकडे कधी तक्रार केलेले कुणी असतील तर कृपया सविस्तर लिहा.

आम्ही अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी इथे बसतात. बरीचशी राधानगरी, भुदरगडकडची, शहरात खोली करून राहणारी. २०१९ च्या महापुरात सुतारवाड्यातल्या आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतल्या कुटुंबांना आमच्याच पोरांनी जेवणाचे डबे पोचवले होते. लोकांचा विश्वास तेव्हा बसला, तो आजवर टिकून आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेक वसतिगृह उभं करून खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्या गावात आपण हे काम करतो याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच पुढचा प्रकार गिळता येत नाही.

गेल्या महिन्यात एक बांधकाम व्यावसायिक दोन लाखांचा चेक घेऊन आला. अभ्यासिका कुठल्या मजल्यावर आहे हेही त्याला माहीत नव्हतं. मी पावती पुस्तकात कार्बन सरकवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "सायबांनी हितंच द्या म्हणून सांगितलंय. पावतीचा फोटो पाठवला की फाईल पुढं सरकंल न्हवं?" त्याच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. मला सगळं ठाऊक असणारच असं धरून तो विचारत होता. मी पावती न लिहिता चेक परत दिला आणि विश्वस्तांशी बोलून कळवतो म्हणालो. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन : "पैसे पोरांच्याच कामाला जातात की! तुझ्या-माझ्या खिशात जातात का?"

मग जुनी पुस्तकं काढून बसलो. मोठ्या देणग्या जवळपास सगळ्या बिल्डर आणि ठेकेदारांच्या, एकरकमी, आणि तीच माणसं पुन्हा कधी फिरकलेली नाहीत. खर्चाची बाजू त्याहून वाईट आहे. "शैक्षणिक साहाय्य" या खात्याखाली मंडप, साउंड आणि डिजिटल फलकांची बिलं लावलेली आहेत, आणि त्यांच्या तारखा आहेत साहेबांच्या वाढदिवसाच्या आठवड्यातल्या. त्या आठवड्यात वह्यावाटप झालं हे खरं, पण वह्यांच्या बिलापेक्षा मंडपाचं बिल मोठं आहे. अभ्यासिकेतले पंखे मात्र वर्गणी काढून दुरुस्त होतात. पाच विश्वस्तांपैकी दोघे साहेबांनी आणलेले, त्यांचे बदल अर्जही (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद) रीतसर मंजूर झालेले आहेत.

जे वाचून समजलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ च्या कलम ७ प्रमाणे लोकसेवकाने गैरफायदा स्वतःसाठी घेतला काय किंवा दुसऱ्या कुणासाठी, थेट घेतला काय किंवा मध्यस्थामार्फत, गुन्हा तोच. नगरसेवक हा लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे पैसे ट्रस्टच्या खात्यात जातात, चेकने जातात, पावती मिळते, यातल्या कशानेही त्याची देणगी होत नाही. उलट ८०जी मुळे देणाऱ्याला करसवलतही मिळते, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. त्यामुळे ज्यांनी आधी दिलेत ते तोंड उघडतील असं वाटत नाही.

आता माझी अडचण. हा व्यावसायिक माझ्याशी दोनदा फोनवर बोलला, पण तक्रार करायला तयार नाही, फाईल कायमची अडकेल म्हणतो. मागणी माझ्याकडे झालेली नाही, मी फक्त ती ऐकली. अशा वेळी मी लाचलुचपत खात्याच्या १०६४ या हेल्पलाइनवर फोन केला तर खातं पडताळणी करतं का, की सापळ्यासाठी तक्रारदार तोच लागतो? जुन्या व्यवहारांवर उघड चौकशी होते म्हणतात. कुणी ती मागितली आहे का, आणि किती लांबते?

दुसरं म्हणजे आधी जमा झालेल्या रकमा. ट्रस्टकडे आलेला पैसा ट्रस्टची मालमत्ता झाला, मग तो परत करायचा तर नुसता ठराव पुरतो की धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते? आणि परत केला तर आपणच पुरावा पुसला असं होईल का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अ खाली निर्देश मागता येतात असं एका वकिलांनी सांगितलं, पण एकटा विश्वस्त असा अर्ज करू शकतो का, यावर ते गुळमुळीत बोलले. आमच्या ऑडिटरने मंडपाच्या बिलांवर एकदाही शेरा मारलेला नाही. त्यांच्याकडे लेखी खुलासा मागावा का?

"राजीनामा दे आणि मोकळा हो" हा सल्ला घरून रोज मिळतोय. तो कृपया इथे देऊ नका. मी उठलो तर पावती पुस्तक उद्याच दुसऱ्याच्या हातात जाईल, आणि अभ्यासिकेची जागा भाडेपट्ट्याची आहे, त्याचं नूतनीकरण याच वर्षी आहे. ते कुणाच्या शब्दावर होतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पोरांना रस्त्यावर न आणता हे थांबवायचं आहे.

येत्या रविवारी विश्वस्तांची सभा आहे. विषयपत्रिकेत "पावती पुस्तके अध्यक्षांकडे ठेवणेबाबत" असा विषय आलाय. त्याला माझा विरोध इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्यायचा आहे. नोंदवलं नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवीन. अशा पत्राचा मसुदा कुणाकडे असेल, किंवा पुस्तकांच्या प्रती सभेआधी खजिनदार म्हणून मला काढून ठेवता येतात का हे नक्की माहीत असेल, तर शनिवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.