धाबं गळतं, माती कोणी टाकायची? सामाईक घराचा हक्क आणि खर्च

बोरीकाठ, अमळनेर तालुका
आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. मृत्युपत्र न करता गेले, मागोमाग आईही गेली. आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी. राहतो मी. मृग लागायच्या आत धाब्यावर माती टाकावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात देवघरावर धार लागते. दोन वर्षांपूर्वी सागाचा खांब काढला, तर बुडापासून हातभर वाळवीनं पोकळ केलेला. घरपट्टीही मीच भरतो. धाकटा सुरतेला, आजवर एक रुपया दिला नाही, आणि आता म्हणतो, विकून चार हिस्से करू. माझं मत, ज्यानं घर उभं ठेवलं त्याचा हिस्सा मोठा हवा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नावही माझंच आहे.

सुरतेहून
दादा, मीही असाच गाव सोडून आलेला धाकटा आहे, म्हणून राहवत नाही. तुम्ही इतकी वर्षं त्या घरात बिनभाड्यानं राहिलात, ते कुठे मोजलं? मी इथे दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं भरतो. गावी गेलो तर माझी वळकटी ओसरीवर. माती तुम्ही टाकली हे खरं, पण तिच्याखाली झोपलातही तुम्हीच.

पांझराकाठ, धुळे
बोरीकाठ, नमुना ८ वरचं नाव घरपट्टीच्या आकारणीपुरतं असतं, त्यानं मालकी ठरत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको आणि मुलंमुली यांना सारखी जाते. तुमच्याकडे आईसकट पाच हिस्से झाले असणार. आई गेल्यावर तिचा हिस्सा चौघांत, म्हणजे आज प्रत्येकाचा पाव. माती टाकून पावाचा अर्धा होत नाही. मात्र आवश्यक दुरुस्तीचा खर्च वाटपाच्या वेळी हिशेबात मागता येतो. पावत्या आणि मजुरीची वही जपून ठेवा.

धाकट्यानं त्याचा पाव बाहेरच्याला विकायचा म्हटलं, तरी त्या माणसाला कुटुंबाच्या राहत्या घरात तुमच्याबरोबर ताबा मागता येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 हेच सांगतं. तो विकत घेणारा वाटपाचा दावा लावू शकतो, पण तेव्हाही 1893 च्या वाटप कायद्यानं तुम्ही त्याचा हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला घेऊ शकता.

माहेरवाशीण, शिरपूर
सगळं भावाभावांतच चाललंय. बहिणी फक्त आकडा मोजायला का? लोकांना वाटतं मुलींचा हक्क 2005 मध्ये आला. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तो 1956 पासूनच होता. राहत्या घराचं वाटप मात्र भावांनी मागितल्याशिवाय आम्हाला मागता येत नव्हतं. ती अट, म्हणजे त्याच कायद्याचं कलम 23, 2005 मध्ये रद्द झाली.

माझ्या भावानं हक्कसोडपत्रावर सही मागितली ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. निंबाला झोका बांधलेला, ताटात पुरणपोळी, आणि ताटाशेजारी कागद. मी सही केली. घर गेल्याचं दुःख नाही. पण त्यानंतर मला आखाजीला बोलावणं आलं नाही, हे सांगताना आजही घसा दाटतो. तुमच्या बहिणींना हिस्सा हवा की नको, ते त्यांना विचारा. परस्पर ठरवू नका.

तापीकाठ
ताई, मान्य. तरी बोरीकाठांचं दुखणं मला खोटं वाटत नाही. रिकामं धाबं दोन पावसाळे काढत नाही. आमच्या गल्लीत सहा वारसांचं घर आहे, सहाही जण हक्काला जागे. मागची भिंत बसली तेव्हा ढिगारा उपसायला एकही आला नाही. पाव हिस्सा मागणाऱ्यानं दरवर्षी मातीचाही पाव द्यायला नको का?

बोरीकाठ
नमुना ८ चं माझं चुकलं, मान्य करतो. मोठा हिस्सा मागणार नाही, पण खांबाचे आणि मातीचे पैसे सोडणार नाही. भावानं विकायचंच म्हटलं तर त्याचा पाव मीच घेईन, हप्त्यानं का होईना. बहिणींशी या विषयावर एकदाही बोललो नाही, हे ताईंचं वाचून लक्षात आलं. आई म्हणायची, "हाई घर समदासनं शे." थोरलीला आज संध्याकाळी फोन करतो.