साइडबॉटम, बोथम आणि आपलं बूड : आडनाव बदलायचं की मिरवायचं?

गुगली_गण्या
काल २००७ ची ट्रेंट ब्रिज टेस्ट बघत होतो, तीच जेलीबीन्सवाली (झहीर बॅटिंगला आला तेव्हा पिचवर जेलीबीन्स टाकल्या होत्या ती), झहीरने नऊ विकेट काढलेली. स्क्रीनवर इंग्लंडच्या बोलरचं, रायन साइडबॉटमचं नाव आलं आणि आमचा आठवीतला भाचा हसून हसून सोफ्यावरून खाली. म्हटलं बाबा रे, त्यातलं बॉटम म्हणजे तुला वाटतंय ते नाही. उत्तर इंग्लंडात, चेशायर-लँकेशायरच्या डोंगरपट्ट्यात, बॉटम म्हणजे खोऱ्याचा तळ, दोन टेकड्यांमधली सखल जागा. आणि साइड म्हणजे पण बाजू नाही, जुन्या इंग्रजीत 'सीद' म्हणजे ऐसपैस, रुंद. रुंद खोऱ्यातले ते साइडबॉटम, जसे आपल्याकडे दऱ्याचे दरेकर. पार्श्वभागाला बॉटम म्हणायला लागले १८ व्या शतकाच्या शेवटाकडे, आडनाव त्याच्या कित्येक पिढ्या आधीचं. आणि तरी काही लोकांनी लाजून त्याचं साइडबोथम करून घेतलं! मला हे पटत नाही. हसणाऱ्याला अक्कल नाही म्हणून आपण का बदलायचं?

काकडीची_कोशिंबीर
दुसऱ्याच्या आडनावावर बाणा दाखवायला काय जातंय हो. माझं माहेरचं आडनाव गाढवे. हजेरीत बाईंनी नाव घेतलं की मागच्या बाकावरून रेकण्याचा आवाज, पाचवी ते दहावी, रोज, आणि बाई स्वतः ओठ चावून हसू दाबायच्या ते दिसायचं मला. भावाने नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं तर गॅझेट. पहिल्या पगारातून! त्या वर्गात उभं राहून मी व्युत्पत्ती सांगायची होती का? तिकडच्या पोरांनी डीड पोल (नाव बदलायचा कायदेशीर कागद) करून नाव बदललं तर बरंच केलं.

पेठेतला_पंत
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय की -बोथम हे लाजेपोटी केलेलं रूप आहे. मुळातच चूक. जुन्या इंग्रजीत शब्दाची दोन रूपं होती, बोत्म आणि बोथ्म. लिहिणाऱ्याच्या कानावर जे पडलं ते त्याने वहीत उतरवलं. इंग्लंडचा ऑलराउंडर इयान बोथम त्यातलाच, १९८० ला वानखेडेवर सेंच्युरी मारून वर १३ विकेट घेऊन गेला तो, त्याच्याही आडनावाचा अर्थ खोऱ्याच्या तळाशी राहणारा एवढाच. आणि हा शब्द आपल्याला परकाही नाही, संस्कृत 'बुध्न' म्हणजे तळ, वेदातला अहिर्बुध्न्य, म्हणजे तळातला सर्पदेव, आठवा, तो आणि बॉटम एकाच मुळातले. गंमत म्हणजे मराठीत पण तोच घोळ आहे. भांड्याचं बूड आणि घटकाभर बूड टेकवा यातलं बूड, शब्द एकच ना? आपण तर भांडं घासताना हसत नाही.

गुगली_गण्या
पंत, दोन रूपं मान्य. पण दोन्ही उपलब्ध असताना कोणी कुठलं धरून ठेवलं हे बघा की. १८९० च्या सुमाराला पार्लमेंटात स्टेलीब्रिजचा खासदार होता टॉम हॅरॉप साइडबॉटम, आणि शेजारच्याच हाइड मतदारसंघाचा जोसेफ वॉटसन साइडबोथम. म्हणजे -बोथम हाताशी होतं, गावात चालत होतं, आणि तरी कापसाच्या गिरण्या असलेल्या घराण्यातल्या माणसाने बॉटमच ठेवलं, तेही व्हिक्टोरियन काळात, जेव्हा टेबलाच्या पायाला पाय म्हणायची लाज वाटायची असं म्हणतात. (ती टेबलाची गोष्ट बहुतेक थाप आहे, पण असो.)

काकडीची_कोशिंबीर
अहो गिरणीमालकाला कोण हसणार? हसला असता त्याची दुसऱ्या दिवशी हजेरी लागली असती का? श्रीमंताचं आडनाव विनोदी नसतं, ते भारदस्त असतं. गिरणीत खाली जो साइडबॉटम कामाला होता त्याला विचारायला हवं होतं.

लेगबाय
मला ते रुंद वगैरे ओढूनताणून वाटतंय. सरळ साइड म्हणजे कड, खोऱ्याच्या कडेला राहणारे. एवढं सोपं असताना जुन्या इंग्रजीत कशाला शिरायचं.

मँचेस्टरचा_मध्या
लेगबाय, तिथेच फसायला होतं. मँचेस्टरहून ग्लॉसपच्या लोकलने या एकदा, वाटेत ब्रॉडबॉटम नावाचं स्टेशन लागतं. ब्रॉड म्हणजे रुंद, बॉटम म्हणजे तळ, म्हणजे जे साइडबॉटम जुन्या भाषेत म्हणतंय तेच हे जरा नव्या भाषेत. स्टेशन सोडलं की उंच व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा रेल्वेपूल, खाली एथरो नदी, आणि डावी-उजवीकडे बघितलं की कळतं बॉटम कशाला म्हणतात ते, दगडी घरं पार खाली आणि वर मेंढ्या. डब्यात अनाउन्समेंट होते तेव्हा कोणी मान पण वर करत नाही, भारतातून आलेले पाहुणे मात्र दर वेळी मोबाईल काढून पाटीचा फोटो घेतात (मीही काढला होता, खोटं कशाला बोलू). तिकडे रॅम्सबॉटम पण आहे, इरवेल नदीकाठचं गाव, त्यातलं रॅम म्हणजे एडका की रानलसूण यावर अजून वाद आहे, आणि ते आडनावही आहेच.
पण काकडीताईंचं खरंय. इथे माझ्या ऑफिसात एक -बॉटमवाले आहेत, पूर्ण आडनाव सांगत नाही. स्वतःच आधी जोक मारून घेतात, दुसऱ्याला संधीच देत नाहीत. अर्थ त्यांना पक्का माहितीये, तरी.

पेठेतला_पंत
जोक मारतात, पण बदललं नाही ना?

मँचेस्टरचा_मध्या
त्यांनी नाही. मुलीने बदललं.

गुगली_गण्या
हं. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याचं लक्ष फक्त भांड्याच्या बुडाकडे, आता सकाळपासून आईला कढईचं बूड नीट घासलं का विचारतोय आणि फिदीफिदी हसतोय.

काकडीची_कोशिंबीर
घ्या, शिकवा अजून. आणि गण्याभाऊ, एक सांगायचं राहिलं, लग्नानंतर मी दरेकर झाले. म्हणजे तुमच्या हिशोबाने आता मी जवळपास साइडबॉटमच. गाढवेपेक्षा बरं!