जैवसुरक्षा की जैवसुरक्षितता?

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या मराठी मंडळासाठी जैविक शस्त्रबंदी करारावर टिपण लिहीत आहे. ‘बायोसेफ्टी’ आणि ‘बायोसिक्युरिटी’ या दोन्हींसाठी ‘जैवसुरक्षा’ हा एकच शब्द सापडतो. इथल्या गुजराती मैत्रिणी ‘सलामती’ लिहून मोकळ्या होतात, कारण त्यांच्याकडे रस्त्याचीही सलामती आणि संयुक्त राष्ट्रसंघाचीही सलामती समिती. मराठीत काय लिहावे?

उत्तर : ताई, दोन शब्द हवेतच, कारण कायदा या दोन गोष्टींकडे वेगळ्या नजरेने पाहतो. 1978 साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात छायाचित्रकार असलेल्या एका महिलेला देवीची लागण होऊन ती दगावली. विषाणू त्याच इमारतीतील प्रयोगशाळेतला होता, पण कोणाच्याही मनात घात करण्याचा हेतू नव्हता. 2001 साली अमेरिकेत अँथ्रॅक्सचे बीजाणू पाकिटांत घालून टपालाने पाठवण्यात आले आणि त्यात 5 जण मेले. पहिल्या प्रसंगासाठी, म्हणजे जंतू अपघाताने निसटू नयेत यासाठीच्या काळजीला (बायोसेफ्टी), मी ‘जैवसुरक्षितता’ लिहीन आणि दुसऱ्यासाठी, म्हणजे जंतूंचा जाणूनबुजून गैरवापर होऊ नये यासाठीच्या बंदोबस्ताला (बायोसिक्युरिटी), ‘जैवसुरक्षा’. ‘सुरक्षा परिषद’, ‘सुरक्षा दल’ या शब्दांत पहारा आणि बंदोबस्त हाच अर्थ आधीपासून मुरलेला आहे.

तुमच्या टिपणात हा फरक विशेष जपावा लागेल. 1972 साली सह्यांसाठी खुला झालेला आणि 1975 पासून अमलात असलेला हा करार कोणत्याही जंतूची यादी देत नाही. प्रतिबंधक, संरक्षक किंवा अन्य शांततामय उपयोगासाठी ज्यांचे समर्थन करता येणार नाही, अशा प्रकारचे आणि इतक्या प्रमाणातले जंतू व विषे बाळगण्यास तो मनाई करतो. म्हणजे तोच जंतू लसीसाठी ठेवला तर चालतो आणि शस्त्रासाठी ठेवला तर गुन्हा ठरतो. हातमोजे, हवेची गाळणी, कचऱ्याची विल्हेवाट हे सारे मुख्यतः देशोदेशीच्या नियमांवर सोडलेले आहे. मला याहून गंभीर वाटते ती गोष्ट अशी की, करार पाळला जातो की नाही हे तपासणारी यंत्रणाच त्यात नाही. ती उभारण्याच्या वाटाघाटी 2001 साली मोडल्या.

पुरवणी : भेद पटला, पण एक अडचण आहे. जनुकीय बदल केलेल्या सजीवांच्या सीमापार वाहतुकीसंबंधीच्या 2000 सालच्या कार्टाजेना प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराला मराठीत ‘जैवसुरक्षा’ असेच म्हटले जाते, आणि तिथला विषय बायोसेफ्टीचा आहे. ‘रस्ता सुरक्षा सप्ताह’ही आपण म्हणतोच. नुसता ‘जैवसुरक्षा’ लिहिला तर वाचक चुकीकडे जाईल.

उत्तर : आक्षेप रास्त आहे. म्हणून दोन्ही शब्द पहिल्यांदा येतील तिथे व्याख्या द्यावी, आणि कार्टाजेनाचे रूढ नाव तसेच राहू द्यावे. कसोटीसाठी 1979 सालचे सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क घ्या : करार मोडून चालवलेल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत निसटला आणि किमान 66 माणसे मेली. तिथे जैवसुरक्षिततेचा नियम मोडला होता, आणि त्या केंद्राचे अस्तित्व हाच कराराचा भंग होता. हे वाक्य एकाच शब्दावर भागवून लिहिता येत नाही.