युगांडातील आरोग्य शिबिरासाठी तयारी कशी करावी?

प्रश्न: मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात परिचारिका असून युगांडातील आरोग्य शिबिरात स्वयंसेविका म्हणून जाण्याचा विचार करीत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: ताई, पीतज्वराची (यलो फीव्हर) लस किमान १० दिवस आधी घ्या आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा, ते नसल्यास परतताना आपल्याकडेच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

उत्तर २: सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि मलेरिया हे गडचिरोलीत तुमच्या नित्य परिचयाचे आजार तिकडेही असल्याने तुमचा अनुभव फार मोलाचा ठरेल. मात्र शिबिर उठल्यावर, सिकलसेलवरील हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केलेल्या मुलाची रक्ततपासणी आणि पुढच्या गोळ्या कोण पाहणार, हे आयोजकांकडून लेखी घ्या. माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे.

उत्तर ३: तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळाल्याखेरीज कोणालाही इंजेक्शन देऊ नका.