मदत हवी आहे: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना माहिती पारखायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. मुलं मोबाइल सराईतपणे वापरतात, म्हणून त्यांना माहिती शोधता येतेच असं सगळे धरून चालतात. असाइनमेंट तपासायला घेतल्या की वेगळंच दिसतं.

बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या दाबाच्या जखमा, टाळायला काय करावं, हा साधा प्रश्न. बऱ्याच जणांच्या उत्तरात 'लाल झालेल्या जागी मसाज करावा' आणि 'मध्ये भोक असलेली गोल उशी द्यावी' हे असतंच. जुन्या पुस्तकांतला हा सल्ला वेबसाइटींवर अजून फिरतोय. आताच्या मार्गदर्शक सूचना दोन्ही टाळायला सांगतात, कारण चोळल्याने आधीच नाजूक झालेली त्वचा आणि खालच्या ऊती आणखी दुखावतात, तर गोल उशीच्या कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा कमी होतो. मजकूर कधीचा, कोणाचा, कशाच्या आधारावर लिहिलेला, हे मुलांनी पाहिलेलंच नसतं. उद्या हीच मुलं वॉर्डात रुग्णाजवळ उभी असणार, याची मला खरंच काळजी वाटते.

पिको पद्धतीने प्रश्न मांडायला शिकवलं. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय, एवढं त्यांना जमतं. अडतं ते पुढे. पबमेड ही वैद्यकीय संशोधनाचे लेख शोधायची वेबसाइट मोफत आहे, पण एकच शब्द टाकतात, ढीगभर निकाल येतात आणि वरचे दोन उघडून काम संपतं. मेश या पबमेडच्या ठरावीक विषयशब्दांच्या यादीतून 'प्रेशर अल्सर' (म्हणजे बेडसोरच) निवडलं, तर वेगवेगळ्या नावांनी लिहिलेले लेख एकत्र मिळतात, हे वर्गात पटतं. पुढच्या असाइनमेंटला पुन्हा गूगलच. त्यात आता चॅटबॉटने दिलेले संदर्भ येतात. जर्नल खरं असतं, पण तो लेख कुठेच सापडत नाही.

एक उदाहरण मात्र चांगलं लागू पडलं. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. पबमेडवर तशी ठळक सूचना दिसते. ती स्वतः पाहिल्यावर मुलं प्रश्न विचारायला लागली.

माझ्या मते वर्षारंभी ग्रंथपालांचं एक व्याख्यान ठेवून हे साधणार नाही, माहितीचा शोध वॉर्डातल्या पोस्टिंगमधल्या केसलाच जोडायला हवा. कोणी केस प्रेझेंटेशनसोबत शोधाची नोंद लिहून घेता का? कोणते शब्द वापरले, काय गाळलं, का गाळलं, याला गुण कसे देता? साठ जणांच्या नोंदी एकट्याने तपासणं झेपतं का?

आणखी एक. इंग्रजी जड जाणाऱ्यांना आधी कॉक्रेनचे (ही संस्था एका प्रश्नावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेते) सोप्या भाषेतले सारांश द्यावेत, असं मनात आहे. त्याने मूळ लेख टाळायची सवय लागते का? ग्रंथपाल, वॉर्डातल्या सिस्टर, ब्रदर आणि विद्यार्थी, सगळ्यांनीच आपला अनुभव लिहा. वर्गात वापरलेला एखादा सराव असेल तर जरा तपशिलात सांगा.